गाजर गवत

गाजर गवत : (म. काँग्रेस गवत, चटक चांदणी, हिं. गाजर घास, सफेद टोपी, लॅ. पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल–कंपॉझिटी). सूर्यफुलाच्या कुलातील ही सु. १ ते १.५ मी. उंच वाढणारी वर्षायू, सरळ व अनेक फांद्यांची ओषधी मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारत, ऑस्ट्रेलिया व पूर्व आफ्रिका येथे तण म्हणून पसरली. भारतातील तिच्या प्रसाराची नोंद प्रथम पुण्यात झाली. तिच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाची साथही आधी त्याच परिसरात लक्षात आली. म्हणून या वनस्पतीच्या इतिहासात महाराष्ट्राला विशेष स्थान आहे.

नावे : प्रचारात ‘गवत’ हे नाव रूढ असले, तरी वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या ही वनस्पती गवत नाही आणि गाजराशीही तिचा आप्तभाव नाही. गवते एकदलिकित असतात, तर ही द्विदलिकित आहे. गाजराच्या पानांप्रमाणे तिची पाने बारीक खंडांत विभागलेली असतात, त्यावरून ‘गाजर’ हा शब्द तिला चिकटला. फुलोऱ्यातील चांदणीसारख्या लहान पांढऱ्या स्तबकांवरून ‘चटक चांदणी’ आणि शेंड्यावरच्या पांढऱ्या झुबक्यांवरून हिंदीत ‘सफेद टोपी’ ही नावे पडली. ‘काँग्रेस गवत’ या नावाची उपपत्ती दोन प्रकारे सांगतात : त्या काळी सत्तेवर असलेल्या पक्षाच्या पांढऱ्या टोपीशी असलेले साम्य, किंवा अमेरिकी काँग्रेसने (विधिमंडळाने) संमत केलेल्या कायद्याखाली आलेल्या धान्याशी जोडलेला तिचा संबंध. लोकांनी दिलेल्या नावांत त्या काळचे राजकारण कसे उतरते, याचे हे एक उदाहरण होय. शास्त्रीय नाव कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये आपल्या स्पीशीज प्लँटॅरम या ग्रंथात दिले. ‘पार्थेनियम’ या शब्दाचे मूळ कुमारी या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे.

स्वरूप : बी रुजल्यावर प्रथम जमिनीसरशी पानांचा झुबका तयार होतो. या अवस्थेत खोड जवळजवळ नसते आणि पाने गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानांसारखी चोहोबाजूंस पसरून आजूबाजूची जमीन झाकून टाकतात. त्यामुळे इतर रोपट्यांना उजेड मिळत नाही. त्यानंतर मधून खोड वर येते व त्याला वरच्या भागात पुष्कळ फांद्या फुटतात. खोडावर उभ्या खोबणी व बारीक केस असतात आणि जून झाल्यावर ते काहीसे काष्ठमय बनते. सोटमूळ खोल जाते व त्याला अनेक बारीक उपमुळे असतात. पाने साधी, एकाआड एक, फिकट हिरवी, एकदा किंवा दोनदा पिच्छाकृती खंडित व दोन्ही बाजूंस लवदार असतात. तळाची पाने मोठी, तर फुलोऱ्याजवळची लहान व कमी विभागलेली असतात. खोड, पाने व स्तबके यांवरील केसांपैकी काही प्रपिंडीय (ग्रंथियुक्त) असतात. या वनस्पतीच्या विषारीपणाचे मूळ मुख्यतः त्यांत असल्याने त्यांचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

फुले लहान, पांढऱ्या किंवा मळकट पांढऱ्या स्तबकांत (डोक्यासारख्या फुलोऱ्यांत) येतात. स्तबकाचा व्यास ४ ते ५ मिमी. असून अशी असंख्य स्तबके शेंड्याकडील फांद्यांवर विरळ झुबक्यांनी येतात. प्रत्येक स्तबकाच्या कडेला बहुधा पाच किरण-पुष्पके असतात. ती स्त्रीलिंगी असतात आणि फलधारणा केवळ त्यांच्यात होते. पाच पुष्पके पाच दिशांना असल्यामुळे स्तबकाला पंचकोनी चांदणीचा आकार येतो, आणि दुरून हे झाड ओळखण्याची ती सोपी खूण आहे. मध्यभागी अनेक बिंब-पुष्पके असतात. ती व्यवहारतः पुल्लिंगी असून पुष्कळ पराग निर्माण करतात. फळ शुष्क, एकबीजी, काळसर, सु. २ मिमी. लांब व चपटे असते. त्याला दोन वंध्य पुष्पके चिकटलेली राहतात व ती हवेच्या पिशव्यांप्रमाणे फळाला हलके ठेवतात. त्यामुळे फळे पाण्यावर तरंगतात आणि वाऱ्याने जवळपास उडतात. चिखलातून, वाहनांच्या चाकांना लागून, जनावरांच्या अंगावरून, तसेच धान्य, चारा, वाळू व शेणखत यांबरोबर ती दूरवर जातात.

जीवनक्रम : ओलावा मिळाला की बी लगेच रुजते आणि उगवणीनंतर सु. चार ते सहा आठवड्यांत फुले येऊ लागतात. फुलण्यासाठी दिवसाच्या विशिष्ट लांबीची गरज नसते. म्हणून पाऊस, कालव्याची गळती किंवा सांडपाणी यांपैकी काहीही उपलब्ध असेल तेथे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात हे तण फुलताना दिसते, आणि एका वर्षात त्याच्या अनेक पिढ्या होऊ शकतात. चांगल्या जमिनीतील एका मोठ्या झाडावर सु. १५,००० ते २५,००० बिया धरतात. जमिनीच्या पृष्ठावर पडलेले बी लवकर नाश पावते, परंतु मातीखाली गाडले गेलेले बी अनेक वर्षे जिवंत राहते. पाण्याची ओढ बसली की झाड खुजे राहते, पण बोटभर उंचीचे झाडसुद्धा फुलून बी टाकल्याशिवाय मरत नाही. तणाचे नियंत्रण एका हंगामात संपत नाही, याचे कारण या बीजसाठ्यात आहे.

मूळ आढळ : मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश (मेक्सिको, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग, वेस्ट इंडीज व मध्य अमेरिका) हे या वनस्पतीचे मूळ वसतिस्थान होय. याशिवाय अर्जेंटिना, बोलिव्हिया, पॅराग्वाय इ. दक्षिण अमेरिकी देशांतही तिचा एक वेगळा प्रकार आढळतो. दोहोंत रासायनिक भेद आहे : उत्तरेकडील प्रकारात पार्थेनीन हे कडू संयुग असते, तर दक्षिणेकडील प्रकारात त्याच्या जागी हायमेनीन हे संयुग आढळते व फुले पिवळसर छटेची असतात. भारतात पसरलेला प्रकार पांढऱ्या फुलांचा व पार्थेनीनयुक्त म्हणजे उत्तरेकडील आहे. भारतात आलेले बी कोठून आले असावे, या प्रश्नाचा विचार करताना हा पुरावा उपयोगी पडतो.

मूळ प्रदेशात ही वनस्पती नदीकाठची पुराने उघडी पडलेली जमीन, रस्त्यांच्या कडा व चरून उजाड झालेली कुरणे येथे वाढते. परंतु तेथे ती क्वचितच मोठे उपद्रवी रूप धारण करते. तिची पाने खाणारे भुंगेरे, खोडात गाठी करणारा पतंग, खोड पोखरणारे व बी खाणारे सोंडे आणि तांबेरा उत्पन्न करणारी कवके यांचा तेथे तिच्याबरोबरच विकास झालेला आहे, व ते तिची वाढ मर्यादित ठेवतात. समुद्रापार आलेले बी या शत्रूंना मागे ठेवून आले. नव्या देशांत ही ओषधी एवढ्या वेगाने का फोफावली, याचे बरेचसे उत्तर येथेच मिळते.

भारतातील आढळ : पडीक जमिनी, रस्त्यांच्या व रेल्वेमार्गांच्या कडा, कालव्यांचे काठ, बांधकामाची व मोकळी ठेवलेली आवारे, उकिरडे, गावठाणाभोवतीची अतिचराई झालेली गायराने व शेतांचे बांध ही हिची आवडती ठिकाणे आहेत. ती अनेक प्रकारच्या जमिनीत वाढते. मात्र चिकणमातीच्या, किंचित अल्कधर्मी भारी जमिनीत तिची वाढ सर्वांत जोमदार होते. दख्खनच्या पठारावरील काळी जमीन या वर्णनाला तंतोतंत जुळते. दाट सावलीची वने आणि ज्या कुरणांत गवताचे आच्छादन अखंड आहे अशी जागा येथे ती सहसा शिरत नाही. जेथे माणसाने किंवा त्याच्या जनावरांनी जमीन उघडी केली, तेथे ती उगवते. या अर्थाने तिचा आढळ हा जमिनीच्या झालेल्या हेळसांडीचा दर्शक मानता येतो.

भारतातील पूर्वीच्या नोंदी : ही वनस्पती भारतात प्रथम १९५५ च्या सुमारास आली, असा सार्वत्रिक समज असला तरी तो पूर्णतः खरा नाही. कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी तयार केलेली उद्यानातील वनस्पतींची यादी हॉर्टस बेंगालेन्सिस या नावाने १८१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत हिचे नाव आढळते. ही यादी श्रीरामपूरच्या मुद्रणालयातून विल्यम केरी यांनी प्रसिद्ध केली. १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे केरी ते हेच. पुढे डेहराडून येथील वन संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात १८८० च्या सुमाराचा, डीट्रिख ब्रांडिस यांच्या काळातील नमुना असल्याचे बेनेट, नैथानी व रायझादा यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे पुण्यातील नोंदीपूर्वी सु. १४० वर्षे ही वनस्पती भारताच्या भूमीवर एकदा तरी येऊन गेली होती. मात्र या मधल्या काळात तिने तणाचे रूप धारण केल्याचे दिसत नाही. ब्रिटिश अमदानीत तयार झालेल्या मुंबई इलाख्याच्या व इतर प्रांतांच्या वनश्रीवरील ग्रंथांत तिला स्थान मिळाले नाही, यावरून तिचा प्रसार नगण्य असावा असे अनुमान निघते.

पुण्यातील नोंद : १९५५ मध्ये पुण्यात ही वनस्पती दिसल्याची माहिती आर्. एस्. राव यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिला भारताच्या दृष्टीने नवीन वनस्पती म्हटले. १९५१ मध्येच पुण्यातील उकिरड्यांवर हिची तुरळक झाडे पाहण्यात आली होती, असा उल्लेखही नंतरच्या लेखनात येतो. कचऱ्याच्या ढिगांवर दिसलेली थोडी झाडे इतकेच त्या वेळी तिचे स्वरूप होते. त्यानंतरच्या दोन दशकांत ती पुणे शहर व त्याचा परिसर व्यापून महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत, कर्नाटकात व मध्य प्रदेशात पसरली.

गव्हाचा प्रश्न : अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर हे बी भारतात आले आणि तो गहू ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखालील होता, असे बहुतेक सर्वत्र सांगितले जाते. या विधानाची तपासणी करताना तारखांचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. हा अमेरिकी कायदा १० जुलै १९५४ रोजी झाला आणि त्याखालील भारताबरोबरचा पहिला मोठा करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी झाला. पुण्यातील झाडे तर १९५५ मध्ये पाहिली गेली होती. १९५१ चा उल्लेख ग्राह्य धरल्यास, कायदाच झाला नव्हता तेव्हा ती पुण्यात उगवलेली होती. तेव्हा पहिले आगमन या कराराखालील गव्हाबरोबर झाले, हे मत काळाच्या कसोटीवर टिकत नाही.

तथापि एवढ्यावरून धान्याचा संबंधच नव्हता, असे म्हणता येणार नाही. अन्नटंचाईच्या काळात भारताने त्याआधीही अमेरिकेतून गहू आणला होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १५ जून १९५१ रोजी मान्यता दिलेल्या कायद्यानुसार भारताला १९ कोटी डॉलरचे कर्ज मिळून त्यातून सु. २० लाख टन धान्य घेण्याची व्यवस्था झाली. मुंबई बंदरात उतरलेले धान्य रेल्वेने देशभर जात असे, आणि पुणे हे त्या मार्गावरील मोठे ठिकाण होते. भारतातील तण उत्तर अमेरिकी प्रकारचे आहे, हेही या तर्काला अनुकूल आहे. १९५६ नंतर आणि विशेषतः १९६५–६७ च्या दुष्काळी वर्षांत लक्षावधी टन गहू आला. त्याबरोबर आणखी बी अनेकदा येऊन प्रसाराला हातभार लागला असणे संभवनीय आहे. थोडक्यात, धान्याच्या आयातीचा मार्ग हा सर्वांत संभाव्य मार्ग ठरतो, परंतु विशिष्ट कराराचे नाव त्याला जोडणे ही नंतरच्या काळातील लोकस्मृतीची भर होय. ज्या धान्यावर कोट्यवधी लोक जगले त्याच्याविषयी मनात राहिलेली परावलंबनाची सल या तणाच्या नावातून व कथेतून व्यक्त झाली, असे म्हणता येईल.

बी आले एवढ्याने प्रसाराचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही. १८१४ व १८८० मधील झाडे पसरली नाहीत आणि १९५५ नंतरची पसरली, याचे एक कारण जमिनीच्या बदललेल्या स्थितीत शोधावे लागते. स्वातंत्र्योत्तर काळात धरणे, कालवे, रस्ते, औद्योगिक वसाहती व शहरांची उपनगरे यांच्यासाठी फार मोठ्या प्रमाणावर माती उकरली व वाहिली गेली. वाळू, मुरूम व खडी यांची मालमोटारींतून लांबवर वाहतूक सुरू झाली. गायराने आक्रसली व उरलेल्यांवर चराईचा ताण वाढला. उघड्या जमिनीवर वाढणाऱ्या व चाकांबरोबर प्रवास करणाऱ्या वनस्पतीला याहून अनुकूल परिस्थिती मिळणे कठीण होते. पुढे ती भारताच्या जवळजवळ सर्व राज्यांत पोहोचली. २०१० च्या सुमारास तणशास्त्रज्ञांनी तिने व्यापलेल्या क्षेत्राचा अंदाज सु. ३.५ कोटी हेक्टर इतका केला होता.

मानवी आरोग्यावरील परिणाम : हे तण केवळ शेतीचा उपद्रव नाही, हे पुणे परिसरातील रुग्णांमुळे लक्षात आले. या वनस्पतीमुळे होणाऱ्या संपर्कजन्य त्वचाशोथाच्या (त्वचेच्या दाहयुक्त सुजेच्या) साथीचे वर्णन लोणकर व जोग यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर १९७४ मध्ये लोणकर, मिचेल व कॅल्नन यांचा अधिक विस्तृत निबंध आला. चेहरा, पापण्या, मान, छातीचा वरचा भाग व कोपराच्या लवणी अशा उघड्या भागांवर प्रथम खाज सुटते, लाली व सूज येते आणि पाणी सुटते. रोग जुना झाल्यावर त्वचा जाड, काळसर व सुरकुतलेली बनते. रुग्णांत शेतात व उघड्यावर काम करणाऱ्या प्रौढ पुरुषांचे प्रमाण अधिक असते. प्रपिंडीय केसांतील पार्थेनीन हे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन वर्गातील संयुग याला मुख्यतः कारणीभूत आहे. वाळलेल्या झाडांचे केस व कण धुळीबरोबर हवेत पसरतात, म्हणून झाडाला प्रत्यक्ष हात न लावताही रोग होतो.

ही विकृती अधिहर्षतेच्या (ॲलर्जीच्या) स्वरूपाची आहे. पहिल्या संपर्कात बहुधा काहीच होत नाही. महिने किंवा वर्षे संपर्क आल्यावर शरीर संवेदनक्षम बनते आणि मग अल्प स्पर्शही पुरेसा होतो. एकदा आलेली ही संवेदनशीलता सहसा जात नाही. स्टेरॉइडे व प्रतिरक्षा दडपणारी ॲझाथायोप्रीनसारखी औषधे यांनी आराम पडतो, पण खरा उपाय म्हणजे संपर्क टाळणे. ज्याचे पोट शेतावर किंवा रस्त्यावरील कामावर अवलंबून आहे त्याला हा उपाय परवडत नाही. काही रुग्णांना परगावी गेल्यावर बरे वाटते व परत येताच रोग उलटतो. परागांमुळे नासिकाशोथ (सतत शिंका व नाक वाहणे) आणि दमा यांचा त्रासही होतो. एका झाडापासून निघणाऱ्या परागांची संख्या अतिशय मोठी असल्याने फुलोऱ्याच्या काळात तणाने वेढलेल्या वस्त्यांत हा त्रास वाढतो.

पशू व पिके : कडू चवीमुळे जनावरे हे तण सहसा खात नाहीत, परंतु चाऱ्याच्या टंचाईत ते पोटात जाते. खाद्यात त्याचे प्रमाण बरेच असल्यास तोंड व आतडी यांत व्रण पडतात, त्वचेवर दाह होतो व जनावरे दगावतातही. थोड्या प्रमाणात खाल्ल्यास दुधाला कडवट चव येते. कुरणात एकदा हे तण माजले की खाण्यायोग्य गवत नाहीसे होते, हे नुकसान याहून मोठे आहे. पिकांच्या बाबतीत, मुळे व कुजणारी पाने यांतून सुटणारी द्रव्ये इतर वनस्पतींचे बी रुजण्यास व वाढण्यास अटकाव करतात. बंगलोर येथे १९८० च्या सुमारास झालेल्या संशोधनात असे आढळले की, या तणाचे पराग मका, टोमॅटो, वांगी इ. पिकांच्या किंजल्कावर साचल्यास फलधारणा कमी होते. काही पिकांत ४० टक्क्यांपर्यंत उत्पन्न घटल्याच्या नोंदी आहेत. शिवाय हे तण स्वतः रोगाची लक्षणे न दाखवता तंबाखूवरील एका विषाणूला आश्रय देते. फुलकिड्यांमार्फत परागांबरोबर तो विषाणू सूर्यफूल व भुईमूग यांवर जातो. २००० मध्ये आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगाच्या पिकाची जी मोठी हानी झाली, तिच्या मुळाशी ही साखळी होती.

नियंत्रणाचे प्रयत्न : कर्नाटक राज्याने १९७५ मध्ये कायद्यान्वये हे उपद्रवी तण म्हणून घोषित केले. ठिकठिकाणी विद्यार्थी, नगरपालिका व ग्रामपंचायती यांच्या उपटण मोहिमा निघाल्या. फुले येण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटणे हा अल्प क्षेत्रासाठी आजही उत्तम उपाय आहे. असे झाड फुलण्यापूर्वी कंपोस्ट खतासाठीही वापरता येते. परंतु फुलावर आलेले झाड उपटल्यास बी झडते आणि उघड्या हाताने उपटणाऱ्यांना त्वचारोगाचा धोका असतो. म्हणून हातमोजे व अंगभर कपडे वापरणे आवश्यक असते. पडीक जमिनीवर मिठाचे १५ ते २० टक्के तीव्रतेचे द्रावण किंवा तणनाशके फवारतात. तथापि मालकी नसलेल्या विस्तीर्ण जागांवर हा खर्च करणारा कोणी नसतो, आणि बीजसाठा शिल्लक असल्याने पुढच्या पावसात तण पुन्हा उगवते.

जैव नियंत्रण : मूळ प्रदेशातील शत्रू आणून सोडणे हा दुसरा मार्ग होय. बंगलोरजवळील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत १९८३ मध्ये झायगोग्रॅमा बायकलराटा या भुंगेऱ्याची मेक्सिकोतून आयात करण्यात आली. इतर वनस्पतींवर तो जगत नाही याच्या चाचण्या घेतल्यावर १९८४ मध्ये तो मोकळा सोडला गेला. महाराष्ट्रात तो ‘मेक्सिकन भुंगेरा’ या नावाने परिचित आहे. तो सु. ६ मिमी. लांब असून त्याच्या मळकट पांढऱ्या पंखकवचांवर तपकिरी रेषा असतात. प्रौढ भुंगेरे व अळ्या दोन्ही पाने खातात आणि त्यांची संख्या वाढली की झाडांचे केवळ सांगाडे उरतात. सुरुवातीची काही वर्षे संख्या कमी राहिल्यानंतर १९८८ च्या सुमारास बंगलोर परिसरात मोठ्या क्षेत्रावरील तण फस्त झालेले दिसले. १९९० नंतर लवकरच हा भुंगेरा सूर्यफुलावर आढळल्याच्या तक्रारी आल्या आणि कीटक सोडण्याचे काम थांबवून चौकशी करण्यात आली. सूर्यफुलावर तो आपला जीवनक्रम टिकवू शकत नाही व त्याच्यापासून त्या पिकाला मोठा धोका नाही, असा निष्कर्ष निघाल्यावर त्याचा वापर पुन्हा सुरू झाला. हा कीटक पावसाळ्यात क्रियाशील असतो आणि थंडी-उन्हाळ्यात जमिनीत सुप्तावस्थेत राहतो. तणाला मात्र असा विराम नसतो. हिवाळ्यात कालव्याकाठी उगवणारी पिढी म्हणून निर्धोक वाढते. पूर्ण उच्चाटन न होता काही भागांत प्रमाण घटले, असे या प्रयोगाचे फलित आहे.

वनस्पतींचीच परस्परस्पर्धाही उपयोगी पडते. कर्नाटकात व महाराष्ट्राच्या काही भागांत सेना युनिफ्लोरा (पूर्वीचे नाव कॅसिया सेरिसिया) ही टाकळ्याच्या प्रजातीशी संबंधित वनस्पती गाजर गवताला हटवून त्याची जागा घेताना आढळली. त्यावरून तिचे व टाकळ्याचे बी पावसाच्या सुरुवातीला पसरण्याचा उपाय सुचविण्यात आला. शेतात झेंडूच्या फेरपालटीचाही उपयोग होतो. जबलपूर येथील तण संशोधन निदेशालय दरवर्षी ऑगस्टमध्ये या तणाविषयी जागृती सप्ताह पाळते.

इतर देशांतील प्रसार : भारतातील नोंदीच्याच सुमारास, १९५५ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ही वनस्पती आढळली. तेथील आगमन दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विमाने व यंत्रसामग्री यांबरोबर झाले असावे, असे मानतात. त्याच राज्याच्या मध्य भागातील मोठा प्रसार मात्र १९५८ मध्ये टेक्ससहून आणलेल्या कुरणाच्या गवताच्या बियाण्यापासून झाला. इथिओपियात १९७० नंतरच्या दशकात पूर्व भागात ती दिसू लागली आणि तिचा संबंध दुष्काळी मदतीच्या धान्याशी व सोमालियाबरोबरच्या युद्धातील वाहनांशी जोडण्यात आला. ‘जमीन लिहून देऊन निघून जा’ अशा आशयाचे नाव तेथील लोकांनी तिला दिले आहे. श्रीलंकेतील प्रसाराचा संबंध तेथे १९८७–९० या काळात असलेल्या भारतीय शांतिसेनेच्या रसदीशी जोडला जातो. यूरोपीय संघाने २०१६ मध्ये ही जाती उपद्रवी परकीय जातींच्या आपल्या यादीत घातली. युद्ध, दुष्काळ व व्यापार यांच्या वाटांनी ती गेली आणि प्रत्येक ठिकाणी त्या देशाच्या दुखऱ्या आठवणीशी तिचे नाव जोडले गेले, हे साम्य लक्षणीय आहे.

उपयोग : मूळ प्रदेशात ताप, त्वचेवरील फोड व आमांश यांवर घरगुती औषध म्हणून हिचा काढा वापरीत. विषारीपणामुळे असा वापर सुरक्षित मानता येत नाही. याच प्रजातीतील ग्वायूल (पा. अर्जेंटॅटम) हे मेक्सिकोतील बहुवर्षायू झुडूप रबरासाठी प्रसिद्ध असून दुसऱ्या महायुद्धात रबराचा पुरवठा तुटल्यावर अमेरिकेने त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड केली होती. एकाच प्रजातीतील एक जाती जपून लावावी आणि दुसरी उपटावी लागावी, हा योगायोग होय.

गेल्या काही दशकांच्या अनुभवावरून असे दिसते की, गाजर गवताचा प्रश्न केवळ एका वनस्पतीचा नसून उघड्या जमिनींच्या व्यवस्थेचा आहे. ज्या गायरानावर गवत राखले जाते, ज्या रस्त्याच्या कडेला झाडोरा टिकतो आणि ज्या आवाराची निगा होते, तेथे ही ओषधी फार काळ तग धरीत नाही. जेथे जमीन कोणाचीच नसते तेथे ती सर्वांची होते, आणि तिच्या उपद्रवाचा भार मुख्यतः उघड्यावर राबणाऱ्या श्रमिकांवर पडतो. म्हणून या तणाचे नियंत्रण ही शेतीबरोबरच सार्वजनिक आरोग्याची व सामाईक जमिनींच्या संगोपनाचीही बाब मानली पाहिजे.